साडेछत्तीस

आधी सिंक काढलं.
तेव्हा कळलं, ओट्यानं सिंकला धरलेलं नव्हतं,
सिंकनंच इतकी वर्षं ओटा सांभाळला होता.

कडप्पा एका घावात फुटत नाही.
खारी बिस्किटासारखा सुटतो, पापुद्रा पापुद्रा,
आणि मग छिन्नी अडते
एखाद्या विटेत, जी जाणूनबुजून आडवी लावलेली.

बोहरी आळीत हातिमभाई म्हणाले,
"मिस्त्रींना पाठवा, साइजमध्ये घोटाळा होतो."
मी म्हटलं, मिस्त्री आलेत. बोला.
पाऊण इंची एल्बो, पितळी, आतून आटे, तीन नग.
त्यांनी माझ्या नखांतलं सिमेंट पाहिलं
आणि टेफ्लॉनची गुंडाळी बिलात धरली नाही.

सव्वीस वर्षं पिंपरीत
मी दुसऱ्यांच्या यंत्रांची ड्रॉइंग काढली,
मिलिमीटरच्या दशांशावरून साहेबांशी भांडले.
घरातला ओटा कधी मोजला नव्हता.
मोडायच्या आदल्या रात्री मोजला:
एकतीस इंच.

ही कुमुदिनी दातारांची उंची.
खरेदीखतावर सही करताना
खुर्चीत त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते.
एकाहत्तर साली, सहकारनगरात सगळा माळ असताना,
उघड्या भिंतींत उभं राहून
त्यांनी गवंड्याला हात करून दाखवला असेल,
इथपर्यंत.
गवंडी इमानी निघाला.

आणि त्या इथपर्यंतवर
विश्राम सतरा वर्षं पोळ्या लाटतो आहे.
सहा फुटांचा माणूस.
मी पावणेसातच्या कंपनी बसला,
तो कणकेला.
दोन डबे, एक भाजी, कधी कोशिंबीर.
संध्याकाळी दाराच्या चौकटीला पाठ घासायचा
आणि मी म्हणायचे, स्कूटर विक.
स्कूटर विकली.
पाठ तशीच.
तोही काही बोलला नाही,
मीही टेप काढली नाही.

"चपला काढ. भिंतीपाशी उभा राहा.
आता पोळी लाट."
रिकाम्या, गिलावा उडालेल्या खोलीत
त्यानं हवेत पोळी लाटली,
गोल, पातळ, कडेला जरा दाबून.
उलटवलीसुद्धा.
कोपराखाली वीतभर सोडून मी पेन्सिलीनं रेघ मारली.
साडेछत्तीस.
"आणि तू?" त्यानं विचारलं.
मी चहापुरती. पाटावर उभी राहीन.

दहा दिवस हॉलमध्ये इंडक्शनवर खिचडी.
लेव्हल ट्यूबच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी,
मध्ये पाणी डुचमळतंय, ठरत नाही,
"हलू नकोस" असं दोघंही म्हणतोय.

शेवटचा जोड बुधवारी रात्री बसवला.
नळ थेट महापालिकेच्या लाइनीवर,
आणि मे महिन्यात गुरुवारी पाणी बंद.
अख्खा गुरुवार एक थेंब गळला नाही.
शेजारच्या निंबाळकर वहिनींना बोलावून दाखवलं.
त्यांनी ग्रॅनाइटवर हात फिरवला, म्हणाल्या,
"मजुरी किती घेतली?"
मी आकडा जरा चढवूनच सांगितला.

शुक्रवारी पहाटे पाचला
नळ खोकला, हवा थुंकला,
आणि सिंकखाली, तिसऱ्या एल्बोपाशी,
दोऱ्याएवढी धार.
विश्रामनं खाली पातेलं सरकवलं
आणि कणीक घेतली.

मी पान्हा घेऊन जमिनीवर आडवी,
पातेल्यात टप्, टप्,
वर पोळपाटाची लय.
खालून मला त्याची पाठ दिसत होती,
पहिल्यांदाच सरळ,
जशी आमच्या लग्नाच्या फोटोत आहे, कोट भाड्याचा असूनही.
बोलणार होते काहीतरी.

तेवढ्यात डब्यासाठी तो पुढे झाला
आणि कपाळ आपटलं फळीवर,
दातारबाईंनी त्यांच्या हाताला पुरेल
अशी ठोकून घेतलेली फळी.
ती मी काढलीच नव्हती.

रविवारी. टेप कुठे ठेवली?